लेस चिकटवू नका हो, शिवून लावा!

कथ्थकच्या ड्रेसचा अंब्रेला घेर शिवून झाला की लगेच लेस लावून द्या म्हणतात, अहो तो घेर काही ठिकाणी उरेबात, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर येतो, रात्रभर टांगून ठेवला की तिथे लोंबतो, तो आधी सारखा कापून घ्यायला नको का? आणि गोटा, म्हणजे ती जरीची लेस, ताणला जात नाही, कापड ताणलं जातं, मशीनखाली लेस ओढून धरली की चुण्या पडल्याच, मग चक्कर घेताना घेर धड फुलत नाही. पण खरं डोकं फिरतं ते ग्लू गनने चिकटवलेल्या लेसवर!! ग्लू थंड झाला की कडक होतो, ऐन कार्यक्रमात पट्टी सुटून घुंगरात अडकते, पोरगी तोंडावर पडली म्हणजे? दोन्ही कडांना शिलाई मारा, वेळ लागला तर लागू दे.