वकिलाला वकील सापडू द्या

जमिनीच्या नोंदीविरुद्ध प्रांतांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, अपील करायला साठ दिवस असतात. त्यातले एकवीस दिवस आमचे नुसते वकील शोधण्यात गेले.

झालं असं. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये माझ्या ओळखीच्या एक नर्सबाई आहेत, मूळच्या जत तालुक्यातल्या. वडील वारले आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून दोघा भावांचीच नावं लागली. मंडळ अधिकाऱ्यांनी ही नोंद, म्हणजे फेरफार, मंजूर केल्याचं बाईंना कळलं ते चुलतभावानं मोबाइलवर पाठवलेल्या फोटोवरून. त्या माझ्याकडे आल्या. मी साताऱ्याला सात वर्षं वकिली केली, पुढे इथल्या परीक्षा देऊन सॉलिसिटर झाले. पण लीड्सच्या ऑफिसात बसून जतचं महसुली प्रकरण चालवता येत नाही. त्याला प्रांत ऑफिसची पायरी रोज चढणारा माणूस लागतो. कुलमुखत्यारपत्र इथे नोटरीपुढे करून, अपॉस्टिल म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का घेऊन पाठवता येतं. महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं. कागद सोपा होता, माणूस सापडत नव्हता.

मग सगळे करतात तेच केलं. जुन्या बॅचच्या ग्रुपवर विचारलं, साताऱ्याच्या सिनिअरांना फोन केले. पाच नंबर आले. एक फौजदारी कामं करणारे निघाले, एकांनी वकिली सोडली होती, एकांनी बाईंच्या धाकट्या भावाचं वकीलपत्र आधीच घेतलेलं होतं. ही गोष्ट मला समजली तोवर मी त्यांना अर्धी हकिकत सांगून बसले होते. ती चूक माझी होती, आणि ती अजून मनाला लागते.

चौथ्या आठवड्यात जे वकील मिळाले ते नऊ वर्षं महसुलीच कामं करत होते. वडील एसटीत कंडक्टर, घरातले हे पहिलेच वकील. काम इतकं चोख, की अपिलाचा मसुदा मला दुसऱ्याच दिवशी आला आणि त्यात बदलण्यासारखं एक वाक्य सापडलं नाही. मी त्यांना विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही कुठेच कसे दिसला नाहीत? लिंक्डइनवरसुद्धा नाव नाही."

"होतं ना मॅडम," ते म्हणाले. "दोन हजार चोवीसच्या जुलैत बारच्या ग्रुपवर ते पत्रक आलं, तेव्हा काढून टाकलं. सनदेवर आलं तर काय करायचं?"

सनद म्हणजे वकिलीचा परवाना. पत्रकाची हकिकत थोडक्यात अशी. ३ जुलै २०२४ रोजी मद्रास उच्च न्यायालयानं निकाल दिला, की ऑनलाइन सेवा पुरवणाऱ्या संकेतस्थळांमार्फत कामं मिळवणाऱ्या वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई व्हावी. वकिलांना रेटिंग देणं, त्यांची सेवा ठरावीक किमतीला विकायला ठेवणं न्यायालयाला या पेशाला कमीपणा आणणारं वाटलं. त्याच महिन्यात वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियानं सगळ्या राज्य बार कौन्सिलांना त्याप्रमाणे कळवलं. मार्च २०२५ मध्ये आणखी एक पत्रक निघालं, अभिनेते आणि इन्फ्लुएन्सर घेऊन केलेल्या जाहिरातींविरुद्ध. आधार जुनाच होता: बार कौन्सिलच्या नियमांतला नियम ३६. वकिलानं प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करू नये, कामं मागत फिरू नये.

आमच्याकडच्या तरुण वकिलांना हा नियम इंग्रजांच्या काळातला उरलासुरला तोरा वाटतो. इंग्लंडनं स्वतःच तो केव्हाच सोडला, मग आपण का धरून बसलोय, असं मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. मला तो नियम तोरा वाटत नाही. तो कुठून येतो हे मुंबईच्याच एका प्रकरणात दिसतं. एस्प्लनेड कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहत, पक्षकार दिसला की त्याच्या अंगावर धावत, एकमेकांच्या हातातले कागद ओढत, फी पाडून सांगत. महाराष्ट्र बार कौन्सिलनं कारवाई केली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७५ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी अशा वागण्याला वकिलीत अजिबात थारा नाही असं ठणकावलं. जामिनाच्या चिंतेत उभ्या असलेल्या माणसाची बाही ओढणं आणि त्याच्या मोबाइलवर पैसे भरून आपलं नाव सगळ्यात वर आणणं, या दोन्हींत पक्षकाराची अगतिकता सारखीच वापरली जाते. त्यामुळे मद्रासच्या निकालाचा रोख मला पटतो.

पटत नाही ते पुढचं. वकील आणि पक्षकार यांच्यातला बाजार आणि वकिला-वकिलांमधली ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडच्या सगळ्या वादात त्यांची गल्लत झाली आहे. निकाल पहिल्या गोष्टीबद्दल होता. भीतीनं मात्र दुसरीही मारली. जतच्या त्या वकिलांनी प्रोफाइलवर लिहिलं होतं काय, तर नाव, सनद नंबर, जत आणि सांगली, महसुली व दिवाणी कामं. २००८ मध्ये नियम ३६ मध्ये जी सुधारणा झाली, तिच्यात वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर हीच माहिती द्यायची मुभा आहे: नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण, कोणत्या प्रकारची कामं करतो. त्यापलीकडे त्यांनी एक शब्द लिहिलेला नव्हता, तरी घाबरून सगळं पुसलं.

याची झळ कुणाला लागते, हेही बघायला हवं. ज्याच्या वडिलांची आणि आजोबांची वकिली आहे, त्याला कुठल्याही ऑनलाइन मंचाची गरज नाही. बार रूममधली त्याची खुर्ची त्याच्या जन्माआधीपासून ठरलेली असते आणि बाहेरगावचे वकील आपणहून त्याला फोन करतात. कंडक्टरच्या मुलाला, खेड्यातून आलेल्या मुलीला ही वाट नसते. बाळंतपणानंतर चार वर्षांनी कोर्टात परतलेल्या माझ्या मैत्रिणीला तर जुन्या ओळखीही उरल्या नव्हत्या. नियम सगळ्यांना सारखा असला, तरी त्याचं ओझं सगळ्यांच्या खांद्यावर सारखं पडत नाही.

आणि मंच नको म्हणून काम थांबतं का? ते व्हॉट्सअॅपवर चालतं. महाराष्ट्रातल्या वकिलांचा खरा ऑनलाइन मंच आज तोच आहे, आणि त्याला कसलाही नियम नाही. गेल्या हिवाळ्यात अशाच एका मोठ्या ग्रुपवर कुणीतरी कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाचं पहिलं पान टाकलं, खाली प्रश्न: "यावर कुणाकडे जजमेंट आहे का?" फोटोत बाईंचं नाव होतं, माहेरचा पत्ता होता, मुलाच्या शाळेचं नाव होतं. नवऱ्यापासून लपून राहणाऱ्या बाईचा पत्ता काही शे अनोळखी माणसांच्या फोनमध्ये गेला. मी त्या वकिलांना स्वतंत्र मेसेज केला, त्यांनी लगेच फोटो काढला, मनापासून माफी मागितली. ते वाईट वकील नाहीत. त्यांना तातडीनं मदत हवी होती आणि ती मागायला दुसरी जागा नव्हती. पक्षकारानं विश्वासानं सांगितलेलं बाहेर फोडू नये हा भारतीय साक्ष्य अधिनियमातला, कलम १३२ मधला दंडक आहे, बार कौन्सिलच्या नियमांतही आहे. तो पाळायला मदत करेल अशी जागा मात्र आपण उभी केली नाही.

इथे काय आहे ते सांगते, कारण इथल्याबद्दलही घरी चुकीच्या समजुती आहेत. यंदा एका अशिलाचा डंडीतला फ्लॅट विकायचा होता. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, काम तिथल्याच सॉलिसिटरनं करायचं. स्कॉटलंडच्या लॉ सोसायटीच्या यादीत गाव आणि कामाचा प्रकार टाकला, तीन नावं निवडली. तिघांनाही आधी फक्त खरेदीदार-विक्रेत्यांची नावं कळवली, म्हणजे समोरच्या बाजूचं काम कुणाकडे आहे का ते तपासता यावं. एकीनं नकार दिला, दुसरीनं होकार दिला, मग कागद सुरक्षित फोल्डरमध्ये गेले. जेवणाच्या सुट्टीआधी सगळं संपलं होतं. जतला जी चूक माझ्या हातून झाली, ती इथे होऊच शकली नाही. मी काही अचानक शहाणी झाले नव्हते, इथली पद्धतच नावं आधी मागते.

म्हणून इंग्लंडची नक्कल करा, असं मी म्हणणार नाही. १९८४ मध्ये इथे सॉलिसिटरांना जाहिरातीची परवानगी मिळाली. पुढे अपघातात जखमी झालेल्या माणसांची नावं विकण्याचा धंदाच उभा राहिला. दलाल फोन करायचे आणि सॉलिसिटर त्यांना प्रत्येक केसमागे पैसे मोजायचे. शेवटी अपघातांच्या दाव्यांतली ही दलाली एप्रिल २०१३ पासून कायद्यानं बंद करावी लागली. बॅरिस्टरांना, म्हणजे मुख्यतः कोर्टात बाजू मांडणाऱ्या वकिलांना, तर काम आणून देणाऱ्याला पैसे द्यायलाच बंदी आहे. अनोळखी माणसाला आपणहून फोन करून काम मागणं आजही सॉलिसिटरला मना आहे. म्हणजे इथेही कुंपण आहे, फक्त ते पक्षकाराच्या बाजूला घातलंय. आणि सगळ्याच्या मुळाशी सार्वजनिक नोंदवही आहे: कुठल्याही सॉलिसिटरचं नाव टाकलं की त्याला काम करायचा अधिकार आहे का, त्याच्यावर कारवाई झालीय का, हे कुणालाही फुकट दिसतं.

आपल्याकडे यासाठी लागणारं बरंचसं आधीच आहे. अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम १७ प्रमाणे प्रत्येक राज्य बार कौन्सिलला वकिलांची नोंदवही ठेवावीच लागते. ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावानं शोधलं तर त्याची प्रकरणं दिसतात. केंद्र सरकारचं न्याय बंधू अॅप २०१९ पासून विनामोबदला काम करणारे वकील आणि गरजू पक्षकार यांची गाठ घालून देतं. मग राज्य बार कौन्सिलनं आपल्याच नोंदवहीवर वकिलांसाठी एक मंच का काढू नये? आत यायला सनद नंबर लागेल. माहिती २००८ च्या सुधारणेत आहे तेवढीच. तालुका आणि कामाचा प्रकार टाकून शोधता यावं. तारे, रेटिंग, पैसे भरून वरचा नंबर यातलं काही नको. केसमागे कमिशन तर नकोच, कारण वकील नसलेल्या कुणाशीही फी वाटून घ्यायला नियमांनी आधीच बंदी आहे. वर्षाची ठरावीक वर्गणी पुरे. आणि कागद पाठवण्याआधी दोन्ही बाजूंची नावं विचारणारी एक पायरी, जी ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. ही शेवटची पायरी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कुणी म्हणेल, वकिलांसाठी म्हणून काढाल आणि हळूहळू पक्षकार आत येतील, पुन्हा तोच बाजार. ही शंका खरी आहे. पण मंच कौन्सिलच्या हातात असेल तर गैरवापर करणारा निदान सापडेल. व्हॉट्सअॅपवर कोण कुणाला पक्षकार विकतो याचा कुणाला पत्ता लागतो? तोवर कौन्सिलनं निदान एक ओळीचं स्पष्टीकरण काढावं, की नियमात बसणारी माहिती व्यावसायिक प्रोफाइलवर लिहिल्यानं सनद धोक्यात येत नाही. त्याला खर्च नाही, सॉफ्टवेअर लागत नाही.

घाई आहे म्हणून हे सांगतेय. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत सहा जिल्ह्यांचं काम तिथे आलंय. सोलापूरच्या, रत्नागिरीच्या वकिलांना कोल्हापुरात भरवशाचा माणूस हवा आहे आणि कोल्हापूरच्यांना तालुक्यातला. इतक्या वर्षांची मागणी पुरी झाल्यावर ही कामं पुन्हा चार जुन्या घराण्यांकडेच गेली, तर मला फार वाईट वाटेल.

बाईंचं अपील साठाव्या दिवसाच्या आत दाखल झालं. फेरफाराला स्थगिती मिळाली, सुनावणी चालू आहे. तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे: तालुका, वकिलांचं नाव, कामाचा प्रकार, स्वतः बोलून खात्री केल्याची तारीख. चाळीसेक नावं झाली. आता बर्मिंगहॅमहून, लेस्टरहून लोक मला फोन करून वकील विचारतात. परवा एकीनं गडहिंग्लजचं विचारलं. वहीत गडहिंग्लजचं कुणी नव्हतं. मी तिला म्हणाले, ग्रुपवर विचारा, फक्त तालुका आणि कामाचा प्रकार लिहा, कागद मात्र कुठलाही टाकू नका.