रंगीत पक्ष्यांची नाणी खरी नाणीच आहेत

रंग चढवलेली पक्ष्यांची नाणी म्हणजे निव्वळ शोभेच्या वस्तू, असं मत एका लेखात वाचलं; ते मला अजिबात पटलं नाही. कॅनडाच्या टांकसाळीने २००७ मध्ये काढलेलं रुबी-थ्रोटेड हमिंगबर्डचं २५ सेंटचं नाणं भिंगाखाली धरून बघा. आधी ठशाने पक्षी उठवलेला असतो आणि मग त्यावर छपाईने रंग येतो. रंग बाजूला ठेवला तरी खालचं कोरीव काम पक्कं आहे.

आणि नाशिककरांनी तरी नाण्यावरच्या 'नंतरच्या कामा'ला नाक मुरडू नये! आपल्याच जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यातल्या बहुतेकांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला होता. आज अभ्यासक त्यांनाच डोक्यावर घेतात.

फसवणूक मात्र सर्रास चालते. साध्या नाण्यावर कोणीतरी खासगीत रंग छापतो आणि 'दुर्मिळ' म्हणून विकतो. नवीन मंडळींनी टांकसाळीचं मूळ पॅकिंग आणि प्रमाणपत्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. नाणं चकाकवायला चिंच, ब्रासो, टूथपेस्ट काहीही लावू नका, रंग उडतो. कॅप्सूलमधून, म्हणजे नाण्याच्या पारदर्शक कडक डबीतून, काढायचंच नाही, आणि पीव्हीसी प्लॅस्टिकच्या मऊ पाकिटात तर मुळीच ठेवायचं नाही.

माझी मनापासून इच्छा आहे की आपल्या टांकसाळीनेही अशी मालिका काढावी. नांदूर मध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथल्या जांभळ्या पाणकोंबडीची ती लालभडक चोच आणि निळी-जांभळी पाठ बिनरंगाच्या नाण्यावर कशी दाखवणार?