पहिली पिढी म्हणता, पण खेळलात तिसरी

इंदूरच्या आपल्या मराठी मुलांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. सुदामानगरातून निघाला की लोकमान्यनगर, रामबाग करत पुन्हा आपल्याकडेच येतो. म्हणणं असं: पोकेमॉन या प्राणी पकडून लढवायच्या व्हिडिओ गेमचा खरा खेळ पहिल्या पिढीतच, म्हणजे मालिकेच्या पहिल्या संचातच होता. तो संतुलित होता, कठीण होता, आणि पुढच्या आठ पिढ्यांनी नवे प्राणी नि चकाचक ग्राफिक्स सोडून काही दिलं नाही. या खेळावर माझा जीव आहे, म्हणून हे खोडून काढायलाच हवं.

आधी आपण खेळलो काय, ते बघा. पहिली पिढी म्हणजे १९९६ मध्ये जपानात आलेले रेड आणि ग्रीन. ते चालायचं हातातलं यंत्र, गेम बॉय, आपल्याकडे फार थोड्यांकडे होतं. बहुतेकांनी कॉम्प्युटरवर, नंतर मोबाईलवर एम्युलेटर (खेळाच्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम) टाकून खेळला तो फायररेड. तो २००४ चा. कान्टो हा प्रदेश तोच, सुरुवातीचे १५१ पोकेमॉन तेच, पण आतली यंत्रणा तिसऱ्या पिढीची. तुमच्या चारिझार्डला ब्लेझ ही अबिलिटी (अंगभूत शक्ती) होती का? प्रत्येकाचं नेचर (आकडे थोडे वर-खाली करणारा स्वभाव) लिहिलेलं होतं का? पळायचे बूट मिळाले होते का? यातलं काहीच १९९६ च्या खेळात नव्हतं. म्हणजे ज्याच्या आठवणीने गळा दाटून येतो, तो खेळ पुढच्या पिढ्यांनीच घडवलेला आहे.

आता ‘संतुलित’ या शब्दाकडे येऊ. प्रत्येक पोकेमॉनला आणि वाराला एक टाइप असतो, आणि कोण कोणावर भारी हे त्यावरून ठरतं. मूळ रेडमध्ये सायकिक (मनोशक्तीच्या) टाइपला रोखणारं जवळपास कोणीच नव्हतं. त्याच्यावर उतारा म्हणून घोस्ट होता, पण प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे घोस्टच्या लिक या वाराचा सायकिकवर काहीच परिणाम होत नसे. शिवाय घोस्टमधले गॅस्टली, हॉन्टर, गेंगार तिघेही अर्धे पॉइझन, आणि पॉइझनवर सायकिकचा वार दुप्पट लागतो. बग टाइपच्या मूव्ह (वार) होत्या, पण दुबळ्या. त्यात ‘स्पेशल’ हा एकच आकडा हल्ल्यालाही आणि बचावालाही चाले, त्यामुळे अलाकाझाम हा सायकिक पोकेमॉन दोन्हीकडून भारी. फोकस एनर्जी या मूव्हने क्रिटिकलची (जादा जोराचा फटका बसायची) शक्यता वाढायला हवी होती, ती उलट कमी व्हायची. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरने डार्क आणि स्टील हे टाइप आणले, स्पेशलचे दोन भाग केले, आणि घोस्टचे वार सायकिकवर दुप्पट लागू लागले. हे सगळं ‘नवे प्राणी’ या खात्यात कसं टाकणार?

सगळ्यात मोठा बदल मात्र २००६ च्या डायमंड-पर्लमधला, आणि त्याबद्दल या मेसेजमध्ये अवाक्षर नाही. तोपर्यंत वार शारीरिक (अटॅकच्या आकड्यावर मोजायचा) की स्पेशल (स्पेशल अटॅकच्या आकड्यावर मोजायचा), हे टाइपवरून ठरे. पाण्याचा प्रत्येक वार स्पेशल. आता फायररेडमधला गॅराडॉस घ्या. मॅजिकार्प या दुबळ्या माशाला नेटाने वाढवून तो मिळवायचा. त्याचा बेस अटॅक १२५, स्पेशल अटॅक फक्त ६०. वॉटरफॉल हा पाण्याचा वार मारला की हिशोब ६० वर. एवढा राक्षस, आणि स्वतःच्याच टाइपचा वार फुसका! चौथ्या पिढीने प्रत्येक मूव्हचा स्वभाव वेगळा ठरवला, वॉटरफॉल शारीरिक झाला आणि तोच वार १२५ वर मोजला जाऊ लागला. प्राणी जुनाच, चित्रही जवळपास तेच, खेळ मात्र पार बदलला. मालिकेतली सर्वात चांगली सुधारणा मी हीच मानतो.

कठीणपणाचं म्हणाल तर मूळ रेडमधल्या लान्स या प्रतिस्पर्ध्याचा ड्रॅगोनाइट आठवा. म्हणजे खरोखर रेड खेळला असाल तर. समोर व्हीनसॉरसारखा पॉइझन टाइप ठेवला की तो अजिलिटी आणि बॅरियरच वापरत बसे. त्या सायकिक टाइपच्या मूव्ह, पॉइझनवर सायकिक भारी, म्हणून कॉम्प्युटर त्याच निवडे. त्यांनी नुकसान होतच नाही, हे तो बघत नसे. शेवटच्या टप्प्यावरचा इतका मोठा प्रतिस्पर्धी, आणि तो एकही फटका मारत नाही. याउलट २०१७ च्या अल्ट्रा सन-अल्ट्रा मूनमधल्या अल्ट्रा नेक्रोझ्माने कसलेल्या खेळाडूंच्या अख्ख्या टीमा झोपवल्या.

‘आता कचऱ्याची पिशवीसुद्धा पोकेमॉन झाली’ हा टोमणाही त्याच मेसेजात आहे. पहिल्या पिढीत चिखलाचा गोळा होता, डोळे लावलेला चेंडू होता, आणि तीन डिगलेट एकत्र केले की डगट्रिओ. तेव्हा कल्पना फार उंच होत्या असं नाही.

दोन तक्रारी मात्र मला मान्य आहेत. २०१९ च्या सोर्ड-शील्डमध्ये बरेच जुने पोकेमॉन आणताच येत नव्हते, आणि एक्स्प शेअर (लढतीतला अनुभव सगळ्या टीमला वाटणारी यंत्रणा) बंद करायची सोय काढून टाकली होती. आधी ती सोय होती, मग का काढली? २०२२ चे स्कार्लेट-व्हायोलेट तर अडखळत, चित्रं तुटत बाजारात आले, आणि पूर्ण किंमत घेऊन असा माल देणं चूकच. पण हे दोष त्या त्या खेळांचे आहेत. त्यांच्यासाठी गोल्ड-सिल्व्हर आणि डायमंड-पर्ल बनवणाऱ्यांची मेहनत पुसून टाकू नका.