प्रार्थनेने समलिंगी कल बदलतो, या दाव्याला उत्तर

अमेरिकेतील एका ख्रिस्ती वक्त्याची मराठी उपशीर्षके घातलेली चित्रफीत मंडळीच्या व्हॉट्सॲप गटातून माझ्या मावशीपर्यंत पोहोचली आणि तिने मुलासाठी उपास धरले. आपण समलिंगी आहोत, हे त्याने घरी सांगून बराच काळ झाला आहे. चित्रफितीतील दावे चार आहेत: प्रार्थनेने व समुपदेशनाने हा कल बदलतो, अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये दबावाला बळी पडून तो आजारांच्या यादीतून काढला, समलिंगी पुरुष सरासरी बेचाळिसाव्या वर्षी मरतात, आणि बायबलमधील सदोम या शहराचा नाश याच पापामुळे झाला.

आयुर्मानाचा आकडा पॉल कॅमेरॉन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा आहे. त्यांनी समलिंगी समुदायाच्या वृत्तपत्रांतील निधनवार्ता गोळा करून त्यांतील वयांवरून तो काढला, आणि तोही एड्सने तरुण माणसे मरत होती त्या काळात. जे जिवंत होते ते या हिशोबात आलेच नाहीत. साथीच्या वर्षातली दफनभूमीची नोंदवही उघडून गावाचे आयुर्मान ठरवण्यासारखाच हा प्रकार आहे. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने कॅमेरॉन यांना १९८३ मध्येच सभासदत्वावरून काढले होते, तरीही तो आकडा आज एका आईला घाबरवण्यासाठी वापरला जातो, याचा मला संताप येतो.

दबावाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते मान्य करावे लागेल. १९७० पासून मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिवेशनांत निदर्शने झाली आणि १९७४ मध्ये त्या निर्णयावर सभासदांचे मतदानही घेतले गेले. परंतु निर्णयामागे संशोधनही होते: मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांचा अभ्यास त्या निदर्शनांच्या आधीचा, १९५७ चा आहे. तीस समलिंगी व तीस भिन्नलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या त्यांनी तज्ज्ञांपुढे नावे झाकून ठेवल्या, तेव्हा कोणत्या चाचण्या कोणत्या गटाच्या, हे तज्ज्ञांना ओळखता आले नाही.

सर्वांत घातक दावा बदलाचा आहे, कारण त्यापायी मुलांना घरातून उचलून कुठे तरी नेले जाते. या वक्त्यांचा मोठा आधार म्हणजे रॉबर्ट स्पिट्झर. १९७३ च्या निर्णयात पुढाकार घेणाऱ्या या मानसोपचारतज्ज्ञानेच २००३ मध्ये दोनशे जणांचा अभ्यास छापून काहींचा कल बदलू शकतो असे म्हटले, म्हणून तो अभ्यास वर्षानुवर्षे मिरवला गेला. त्यातील माहिती दूरध्वनीवरील मुलाखतींतून घेतलेली होती आणि बरेच जण असा बदल घडवण्याचा दावा करणाऱ्या संस्थांनीच पाठवलेले होते. ती माणसे स्वतःला किंवा मुलाखतकाराला फसवत नाहीत, हे तपासण्याचा कोणताही मार्ग त्या अभ्यासात नव्हता. ही गोष्ट स्पिट्झर यांनी २०१२ मध्ये ज्या नियतकालिकात अभ्यास छापला त्याच्याच संपादकांना पत्र लिहून कबूल केली आणि समलिंगी समुदायाची माफी मागितली. चित्रफितीत त्या पत्राचा उल्लेख नाही. एक्सोडस इंटरनॅशनल या अशा सेवाकार्यांच्या सर्वांत मोठ्या ख्रिस्ती संघटनेचे अध्यक्ष ॲलन चेंबर्स यांनीही, आपल्याला भेटलेल्या बहुसंख्य लोकांचा कल बदललेला नाही असे सांगितले, आणि २०१३ मध्ये माफी मागून संघटना बंद केली. हे कुणा नास्तिकाचे आरोप नव्हेत. प्रार्थना करणाऱ्या आणि १९७६ पासून हे काम चालवणाऱ्या संघटनेचा तो स्वतःचा निष्कर्ष आहे.

सदोमविषयी थोडक्यात. समलिंगी संबंधांविरुद्ध वाचली जाणारी वचने, म्हणजे लेवीय १८:२२ आणि रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय, पवित्र शास्त्रात आहेत, आणि त्यांचा पारंपरिक अर्थ मानणारे पाळक अप्रामाणिक आहेत असे मी म्हणत नाही. मात्र यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमचा अपराध म्हणून गर्व, अन्नाची विपुलता आणि दीनदुबळ्यांना हात न देणे हेच आधी सांगितले आहे, अमंगळ कृत्यांचा उल्लेख त्यानंतरच्या ओवीत येतो. वक्त्याने ही ओळ वगळली.

मावशी, मुलासाठी प्रार्थना जरूर करा. पण त्याचा कल बदलून देतो म्हणणाऱ्या कोणाकडेही त्याला नेऊ नका. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये असे प्रयत्न रोखण्याचे निर्देश दिले, आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. म्हणजे असे उपचार देऊ करणारा डॉक्टर असेल, तर त्याच्याविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करता येते, आणि ती लिहून द्यायला मी तयार आहे.