पगाराचा दिवस, शिंदीची झाडं आणि आमची व्हिस्कीची संध्याकाळ

ताई,

तुमचं म्हणणं आधी इथे पुन्हा मांडतो, म्हणजे फक्त हे उत्तर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. गिरणी कामगारांच्या संग्रहालयाला पैसे उभे करायला आम्ही इथे सोलापुरात व्हिस्की टेस्टिंगची संध्याकाळ ठेवली होती, तिच्याबद्दल मी मोठ्या उत्साहाने लिहिलं. त्यावर तुम्ही लिहिलंत: ‘माझे वडील गिरणीत होते. पगाराच्या दिवशी आई आम्हा भावंडांना घेऊन गेटवर उभी राहायची आणि वडील दुसऱ्या दाराने गुत्त्यावर जायचे. ज्या गावात दारूची म्हणून शिंदीची झाडं तोडताना पोरं पकडली गेली, त्या गावाचा इतिहास तुम्ही इंग्रजांची दारू पिऊन वाचवणार? पैसे परत करा.’

पैसे परत करणार नाही. हे पहिल्यांदाच सांगतो, कारण तुमचं बरंचसं मला मान्य आहे आणि पुढचं वाचताना तुमचा गैरसमज व्हायला नको.

संग्रहालय म्हणजे आज भाड्याच्या दोन खोल्या आहेत. त्यात मागाचे धोटे आहेत, सुताच्या बॉबिनी आहेत, संपाची पत्रकं आहेत आणि एका मुकादमाच्या घरून रद्दीत निघालेली दोन पोती हजेरीपुस्तकं आहेत. पोती उघडली तेव्हा खालच्या वह्या वाळवीने जाळीसारख्या केल्या होत्या. जुनी मिल 1877 साली सुरू झाली. तेव्हापासून या गावात पिढ्यान्‌पिढ्या माणसं भोंग्यावर उठली, भोंग्यावर झोपली, आणि त्यांच्या नावांचा कागद असा हातात चुरा होतो. पत्र्याची कपाटं, चांगले खोके, स्कॅनिंग यांना पैसे लागतात. दोन वर्षं आम्ही व्याख्यानं ठेवली, देणगीची पेटी फिरवली. पेटीत जमलं त्यातून एका महिन्याचं भाडं निघालं. व्हिस्कीच्या संध्याकाळचं तिकीट 1500 रुपये होतं आणि सगळ्या खुर्च्या भरल्या. आलेल्यांपैकी बहुतेकांनी गिरणीवरच्या व्याख्यानाला पाऊल ठेवलं नसतं. त्यांनी त्या रात्री हजेरीपुस्तकं हातात घेऊन पाहिली, दोघांना त्यात आजोबांचं नाव सापडलं. एक दिवसाचा परवाना घेतला होता, पंचवीस वर्षांखालच्या कुणाला प्रवेश दिला नाही. पण तुमचा मुद्दा कायद्याचा नाहीच.

एका गोष्टीत मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. ‘इंग्रजांची दारू’ म्हणून ती आपल्यापासून लांब ठेवता येणार नाही. त्या संध्याकाळी माहिती देणाऱ्याने आधी स्कॉचचे नियम सांगितले: धान्यापासून केलेली, निदान तीन वर्षं ओकच्या पिंपात मुरलेली, स्कॉटलंडमध्येच तयार झालेली. मग तो म्हणाला, आपल्याकडे दुकानात जी स्वस्त व्हिस्की मिळते तिच्यात बऱ्याचदा मळीच्या, म्हणजे साखर काढून उरलेल्या काळ्या पाकाच्या, स्पिरिटचा भाग असतो, आणि युरोपात मळीपासून केलेल्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत. मळी ऐकल्यावर टेबलं एकदम गप्प झाली. आपल्या जिल्ह्यात गळीत हंगामात रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. साखर, मळी, स्पिरिट ही साखळी आपल्या दारातून जाते. मला वाटतं, संग्रहालयात हे सांगितलं पाहिजे.

आता शिंदीच्या झाडांचं. इथे तुम्ही मला पकडलंत.

मे 1930 च्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. 8 मे रोजी रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदीची झाडं तोडणाऱ्यांना पोलिसांनी पकडलं, जमाव जमला, गोळीबार झाला. 12 मे रोजी मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. त्यांच्या चार पुतळ्यांवरून आपण रोज जातो. ती नावं मला चौथीपासून पाठ आहेत. पण 8 मेच्या सुरुवातीला कुऱ्हाड आणि शिंदीचं झाड होतं, हे मी फार उशिरा वाचलं, आणि वाचूनही त्या संध्याकाळी त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नाही. जानेवारी 1930 मध्ये गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात दारूबंदी पहिली होती. मिठाचा कर तिच्यानंतर येतो. शिंदी काढायला सरकारचा परवाना लागे, कर भरावा लागे. म्हणजे झाड पाडणाऱ्या पोरांनी गुत्त्यावर आणि सरकारी तिजोरीवर एकाच घावात हात घातला होता. ‘तो पैसा परक्या तिजोरीत जात होता, आमचा तर चांगल्या कामाला गेला’ असं म्हणून मला सुटता येईल. मी तसं म्हणणार नाही. पगाराच्या दिवशी गेटवर उभ्या असलेल्या बाईला पैसा कुठल्या तिजोरीत गेला याने काय फरक पडतो? तिच्या हातात तो आला नाही एवढंच तिला माहीत.

माझे आजोबाही गिरणीतच होते, पण गळ्यात माळ होती. दर वारीला पंढरपूर. पगाराचा लिफाफा ते देवापुढे ठेवत आणि आजी तो उचलून डब्यात टाकत असे. पगाराचा दिवस आमच्या घरी जिलेबीचा दिवस होता. तोच दिवस शेजारच्या खोलीत कसा जात असेल, हे मी चाळीत वाढूनही कधी विचारलं नाही. त्या रात्री भिंतीपलीकडून आवाज यायचे आणि आजी रेडिओ मोठा करायची, इतकंच आठवतं. तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत त्या रेडिओचा आणि पगाराचा संबंध माझ्या ध्यानात आला नव्हता.

म्हणून गेल्या दोन वर्षांतल्या आमच्या मुलाखती परत ऐकल्या. बहुतेक सगळ्या पुरुषांच्या. यंत्रं, पाळ्या, संप, जॉबरची, म्हणजे मुकादमाची, दादागिरी, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवणं, हे सगळं आहे. दारूचा प्रश्न आम्ही एकालाही विचारलेला नाही. एका मुलाखतीत म्हातारे गृहस्थ स्वतःहून म्हणतात, ‘तेव्हा पीतच होतो की सगळे,’ आणि मागे माझाच आवाज येतो, ‘बरं, तर त्या संपाचं सांगत होता.’ जवळजवळ प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कपबश्यांचा आवाज आहे. बायका चहा घेऊन आल्या, आम्ही थँक्यू म्हणालो, त्या आत गेल्या. संग्रहालयातली ही चूक व्हिस्कीच्या संध्याकाळपेक्षा फार जुनी आणि फार मोठी आहे, आणि ती माझी आहे.

जमलेल्या पैशातून कपाटं आणि खोके घेतले. ते परत करता येत नाहीत आणि करायचेही नाहीत. जे उरलंय ते बायकांच्या मुलाखतींसाठी वापरायचं असं मी बाकीच्यांना सुचवलं आणि त्यांनी होकार दिला. पुन्हा अशी संध्याकाळ ठेवायची का, यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझं मत ठेवावी असंच आहे, हे तुम्हाला आवडणार नाही. पण पहिला ग्लास भरण्याआधी 8 मेची गोष्ट सांगायची आणि पगाराच्या दिवसाचीही. ती ऐकून कुणाला उठून जावंसं वाटलं तर तिकिटाचे पैसे परत द्यायचे.

ती दुसरी गोष्ट कुणी सांगायची, हा प्रश्न आहे. आई असतील आणि बोलायला तयार असतील तर मी घरी येतो. नसतील तर तुम्ही सांगा. गेट कुठलं, किती वाजता उभ्या राहायच्या, बरोबर आणखी कोण बायका असायच्या, रात्री चूल कशी पेटायची. नाव द्यायचं नसेल तर देणार नाही. रेकॉर्डर सुरू करायचा आणि बंद करायचा ते तुमच्या हातात. आणि या वेळी चहा मी करतो.