सागरी रस्त्यावर पूल बांधा, पण तो चौपदरी करू नका

कोकणात गाडीने जाणार म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, 'मुंबई-गोवा हायवेचं काम कुठवर आलंय?' आम्ही दोघं नवरा-बायको यंदा मार्चमध्ये गेलो, तेव्हा जाताना तो हायवे फक्त माणगावात ओलांडला. ताम्हिणीतून खाली उतरलो, म्हसळ्यावरून हरिहरेश्वर गाठलं आणि तिथून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्र उजव्या हाताला ठेवून गेलो. येताना आंबोली घाट चढून आजरा, गडहिंग्लज करत घरी. गाडी आळीपाळीने चालवली. घरी आल्यापासून एक विषय डोक्यातून जात नाहीये, म्हणून ही लांब पोस्ट.

रेवस ते रेडी हा सागरी महामार्ग बॅरिस्टर अंतुल्यांनी मुख्यमंत्री असताना, म्हणजे १९८०-८२ च्या सुमारास मनावर घेतला. अजूनही तो सलग नाही, कारण मध्ये खाड्या आहेत. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री अशी एकेक नदी समुद्राला मिळते तिथे रस्ता संपतो आणि गाडी बोटीत चढवावी लागते. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, आणि आमची पहिली बागमांडला ते वेशवी. रायगडातले लोक या बोटीला जंगलजेटी म्हणतात. मला ती फार आवडली. इंजिनाची धडधड, दोन गाड्यांच्या मधल्या फटीत माशांच्या पाट्या, मोटारसायकलवर बसूनच खाडी ओलांडणारी माणसं, आणि समोर बाणकोटचा किल्ला. महाबळेश्वरला मंदिरात जिची धार बघितली होती ती सावित्री इथे एवढी रुंद होते, हे दोघंही बघत राहिलो.

मी हे सगळं कौतुकाने बोलत होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्हाला मजा वाटते ताई. माझ्या सुनेला रात्री कळा सुरू झाल्या तेव्हा बोट बंद होती. आंबेतवरून वळसा घालून नेली तिला." त्याच खाडीत पुलाचे अर्धवट खांब कितीतरी वर्षं उभे होते. त्यामुळे 'बोटी किती छान, पूल कशाला' असं लिहिणाऱ्या पर्यटकांशी मी अजिबात सहमत नाही. पूल व्हायलाच हवेत, आणि भक्कम व्हायला हवेत. याच सावित्रीवरचा महाडचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि दोन एसट्या माणसांसकट गेल्या, हे कोकणात कुणी विसरलेलं नाही.

आता खाड्यांवरच्या पुलांची कामं हाती घेतली जात आहेत. चांगलंच आहे. पण त्याबरोबर 'पूल होतातच आहेत, तर सगळा रस्ता चौपदरी करून टाका' असं म्हणणारेही जागोजागी भेटतात, आणि तिथे माझा ठाम विरोध आहे.

हा रस्ता गावांतून जातो म्हणजे काय, ते केळशी-आंजर्ल्याकडे कळतं. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, त्यापलीकडे माड-पोफळी, आणि मधली वाट जेमतेम एका गाडीची. एका वळणावर समोरून एसटी आली. नवरा गाडी चालवत होता. मी खाली उतरले, मागे गेले आणि हाताने दाखवत गाडी मागे घ्यायला लावली. "ये, ये, अजून ये, डावीकडे गडगा आहे, बस!" एका आजोबांनी आपल्या बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, आडव्या काठ्या सरकवून गाडी अंगणाच्या तोंडाशी घ्यायला सांगितली. एसटी गेली, ड्रायव्हरने हात केला. आजोबांनी पाणी विचारलं, आणि त्यांच्याकडूनच कळलं की पहाटे वेळासला गेलो तर कासवाची पिल्लं समुद्रात सोडताना बघायला मिळतील. हा रस्ता रुंद करायचा तर पहिला जाईल तो हा गडगा, मग विहीर, मग पडवी. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेचे जुने वड तोडले गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ते परत आलेले नाहीत.

रत्नागिरीच्या खाली सडे, म्हणजे जांभ्या कातळाची उघडी पठारं, सुरू होतात. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांब. त्याच्या पोटात कितीतरी लहान प्राणी आणि मासे कोरलेत. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. ती उघड्या जांभ्यावर आहेत, वर छप्पर नाही की मातीचा थर नाही. एक जेसीबी एका दुपारी सगळं संपवू शकतो.

पूल झाला म्हणून गाव बिघडतं असं नाही, याचा पुरावाही रत्नागिरीतच आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी जिथे आणून ठेवलं आणि १९१६ मध्ये जो तिथेच वारला, त्याच्या राजवाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी दिसते. तिच्यावर पूल आहे, पलीकडे पावसकडे जाणारा साधा रस्ता. लोक रात्री-अपरात्री दवाखान्यात पोचतात आणि सुरूचं बनही जागेवर आहे. मला हेच हवंय.

आंबोलीच्या घाटाबद्दलही माझं तेच म्हणणं आहे, रस्ता आणखी रुंद नको. हिरण्यकेशीच्या उगमापाशी सापडलेल्या एका छोट्या माशासाठी २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाली. त्या डोंगराला आणखी किती कापायचं?

करण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते स्वस्तही आहे. साइडपट्ट्या भरा. ठरावीक अंतरावर दोन गाड्या सुटतील एवढी जागा करा. आंधळ्या वळणांवर आरसे लावा. जेट्टीवर बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं स्वच्छतागृह बांधा; हे नाही म्हणून कित्येक बायका प्रवासात पाणीच पीत नाहीत. गावाबाहेरून रस्ता हवा की नको, हे त्या गावाला ठरवू दे.

पण गावात ठरवायला असतं कोण? अर्ध्या घरांना कुलपं, मालक विरार-डोंबिवलीला. भूसंपादनाची नोटीस बंद दाराला लागते आणि हरकतीची मुदत निघून जाते. म्हणून ज्यांची नावं या पट्ट्यातल्या सातबाऱ्यावर आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. गणपतीला घरी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत जाऊन आपल्या गावातून रस्त्याची आखणी कुठून आहे, रुंदी किती धरली आहे, ते विचारा. नकाशा मागा, आणि 'पूल हवा, दुपदरी रस्ता पुरे' असा ग्रामसभेचा ठराव लेखी करून घ्या.