नाथसागर सोडून खऱ्या सागराकडं

मराठवाड्याच्या 8 जिल्ह्यांत मिळून सागर एकच, पैठणचा नाथसागर. त्यालाही भरती-ओहोटी नसते, टक्केवारी असते. म्हणून एकदा तरी खरा समुद्र बघायचा असं लातुरात कुणीतरी लग्नाच्या पंगतीत बोलून जातं आणि मे महिन्यात 7 सीटच्या गाडीत 11 माणसं बसतात. तुम्ही त्यातले असाल तर थोडं ऐका.

ठिकाण शांतच निवडा. गुहागर घ्या. 6 किलोमीटरचा किनारा, सुरूचं बन, गावात व्याडेश्वर, आणि दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायचा आळस करतं. एवढी शांतता नुसती पडून राहणार, तेव्हा लग्नात वाजवलेला स्पीकर आठवणीनं डिकीत टाका.

रस्ता सोपा आहे. तुळजापूर, सोलापूर, पंढरपूर, कराड, मग कुंभार्ली घाट. "एवढ्या जवळून चाललोत अन् तसंच जायचं व्हय?" असं आजी दोनदा म्हणेल, एकदा भवानीसाठी, एकदा विठोबासाठी. विरोध करू नका. रात्री अकराला पोचल्यावर समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. तेवढ्यात स्पीकर लावा.

उतरा घरगुती ठिकाणी. काकूंनी उकडीचे मोदक आणि सोलकढी वाढली की विचारा, "शेवभाजी मिळंल का?" त्या नाही म्हणाल्या की धपाट्यांचा डबा उघडायचा. सोलकढीत ठेचा कालवून बघायला हरकत नाही. आमच्या दाजींनी बघितलाय.

गाडी थेट वाळूत घाला. काल सहाला पाणी लांब होतं म्हणजे आजही सहाला लांबच असणार. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढं सरकते, ही गाववाल्यांची पुडी समजा. चाक रुतलं तर घाबरायचं कशाला? काळ्या रानातल्या चिखलातून बैलगाड्या काढणारी माणसं आपण! वाळू मात्र अजून आपल्याला ओळखत नाही, तेव्हा ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेऊन ठेवा.

आता पाणी. घरी तुम्ही अर्ध्या बादलीत आंघोळ करता, भाजी धुतलेलं पाणी कुंडीत ओतता. 2016 साली मिरजेहून 'जलदूत' नावाची आगगाडी पाणी घेऊन लातूरला आली, तेव्हा तुम्ही तिचा फोटोही काढला होता. ते सगळं घरी कुलपात ठेवून या. कोकणात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्याकडं त्याच्या जेमतेम पाव. म्हणजे इथं ददात कसली? समुद्रातून आलं की मीठ काढायला एक आंघोळ, वाळू काढायला दुसरी, आणि नळाला धार आहे म्हणून तिसरी. यजमान काका विहिरीत डोकावून म्हणतील, "पाणी जरा जपून हां." जांभा दगड पाणी धरत नाही, उतारावरचा पाऊस बघता बघता समुद्राला मिळतो, मे महिन्यात विहिरी तळाला जातात, वगैरे समजावतील. ऐकून घ्या. टंचाई काय असते ते लातूरकरांना विचारा म्हणावं. शॉवर बंद करायची गरज नाही, मोठ्यानं बोललं की ऐकू जातं.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळ फुस्स करेल. काका काही बोलणार नाहीत, नुसते फोन लावत बसतील.

दुपारी सुरूच्या बनाआडून हॉर्न वाजेल. काका अजून चपला शोधत असतील, काकूंना पुरती जागही आली नसेल, तोवर तुमची अकराही माणसं बादल्या, कळशी, कुकर, पोरांची किल्ला करायची प्लास्टिकची बादली, असं हाताला येईल ते घेऊन टँकरमागं ओळीत उभी असतील. आणि सगळ्यांत पुढं आजी, ड्रायव्हरला दरडावत: "नळी खाली धर की रे बाबा, सांडायलंय!"